की पोजमधील हालचाल जनरेटिव्ह एआयकडून भरून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमेशन शिकणारे विद्यार्थी, छोट्या स्टुडिओत काम करणारे कलाकार आणि एकट्याने लघुपट करणारे हौशी यांच्याकडून पुन:पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि अडचणीचे अपवाद शेवटी आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. की पोज, ब्रेकडाउन आणि इनबिटवीन यांत नेमका फरक काय?

की पोज म्हणजे प्रसंगाचा अर्थ सांगणारी चित्रे. पात्र बसले आहे, पात्र दचकले आहे, पात्र उठून उभे राहिले आहे, अशी मोजकी चित्रे पाहूनच गोष्ट कळते. दोन की पोजमधील अंतर भरणारी चित्रे म्हणजे इनबिटवीन. या दोहोंच्या मध्ये ब्रेकडाउन असते आणि नवशिके नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. एका पोजमधून दुसऱ्या पोजमध्ये कोणत्या वाटेने जायचे, हे ब्रेकडाउन ठरवते.

डोके डावीकडून उजवीकडे वळवण्याचे उदाहरण घ्या. दोन्ही टोकांची चित्रे तीच ठेवून मधल्या चित्रात हनुवटी खाली नेली आणि पापण्या मिटल्या, तर पात्र विचार करून वळले असे वाटते. हनुवटी वर उचलली तर तोरा दिसतो. डोके सरळ रेषेत फिरवले तर त्यात काहीच दिसत नाही, केवळ डोके फिरते. म्हणूनच माझे ठाम मत असे आहे की, इनबिटवीन यंत्राकडे सोपवता येतील, पण ब्रेकडाउन ॲनिमेटरने स्वतःच काढले पाहिजे. पुढील बहुतेक उत्तरे या एका मतावर उभी आहेत.

२. संगणक मधली चित्रे काढतो, यात नवीन काय आहे? हे तर कित्येक वर्षे चालू आहे ना?

होय, चालू आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच की फ्रेमवरून मधली चित्रे तयार करणारी संगणकीय पद्धत उभी केली होती, आणि पीटर फोल्डेस यांचा ‘ला फॅं’ (भूक) हा १९७४ चा लघुपट त्याच पद्धतीने बनला. त्या पद्धतीत पहिल्या चित्रातील प्रत्येक रेषा दुसऱ्या चित्रातील रेषेशी जोडायची आणि बिंदू एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवायचे, असे गणित होते.

हे गणित कोठे फसते, ते कागदावर करून पाहता येते. खांद्यापासून मनगटापर्यंत १० सेंटिमीटर लांबीचा हात काढा. पहिल्या पोजमध्ये तो सरळ खाली लोंबता आहे आणि दुसऱ्या पोजमध्ये बाजूला आडवा पसरलेला आहे. मनगटाचा बिंदू सरळ रेषेत नेला, तर बरोबर मधल्या चित्रात खांदा आणि मनगट यांतील अंतर सुमारे ७.१ सेंटिमीटर उरते, म्हणजे हात जवळजवळ तीस टक्क्यांनी आखडतो. खरा हात कंसात फिरतो. या आणि अशा दोषांवर उपाय म्हणून बर्टनिक आणि वाइन यांनीच १९७६ मध्ये सांगाड्यावर आधारलेले तंत्र मांडले. एडविन कॅटमल यांनी १९७८ च्या निबंधात याहून खोल अडचण दाखवली. ॲनिमेटरच्या मनात पात्र त्रिमितीय असते, कागदावर मात्र त्याचे सपाट रूप उतरते आणि उतरताना हरवलेली माहिती संगणकाला रेषांवरून परत मिळवता येत नाही.

जनरेटिव्ह मॉडेलचे, म्हणजे नवी चित्रे तयार करणाऱ्या एआय प्रणालीचे, नावीन्य येथेच आहे. हरवलेल्या माहितीचा अंदाज ते असंख्य चित्रफिती पाहून आलेल्या सरावावरून बांधते. अंदाज बहुतेक वेळा पटण्यासारखा असतो, पण तो अंदाजच असतो, हे विसरता कामा नये.

३. मॉडेल मधली चित्रे ‘काढते’ म्हणजे आत नेमके काय करते?

सध्याची बहुतेक साधने डिफ्यूजन पद्धतीची आहेत. प्रशिक्षणात चित्रफितींवर थोडा थोडा गोंगाट, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळला जातो आणि तो काढून मूळ चित्र कसे मिळवायचे, हे मॉडेल शिकते. प्रत्यक्ष वापरताना ते निव्वळ गोंगाटापासून सुरुवात करते, आपण दिलेल्या पहिल्या आणि शेवटच्या चित्राशी जुळेल अशा रीतीने तो टप्प्याटप्प्याने निवळत नेते आणि मधल्या सगळ्या फ्रेम एकत्रच आकाराला आणते. म्हणजे ते पहिल्या चित्रानंतर दुसरे, मग तिसरे अशा क्रमाने काढत बसत नाही.

हे सारे चित्राच्या दाबून लहान केलेल्या रूपावर घडते आणि अखेरीस ते रूप पुन्हा पूर्ण चित्रात उलगडले जाते. त्या उलगडण्यात बारीक रेषा, डोळ्यांतील चमक, कपड्यावरील नक्षी यांचा तपशील हरवतो. रेषा मधल्या फ्रेममध्ये जाड किंवा पुसट होण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

४. फ्रेम रेट वाढवणारी सॉफ्टवेअर हेच काम करत नाहीत का?

नाही. राइफसारखी साधने प्रामुख्याने एका फ्रेममधील कोणता भाग पुढच्या फ्रेममध्ये कोठे गेला, याचा अंदाज घेतात आणि त्यावरून मधली फ्रेम बनवतात. दोन फ्रेम एकमेकींच्या जवळ असतील तर हे छान जमते. की पोजमध्ये मात्र अंतर मोठे असते, शिवाय सपाट रंगामुळे मागोवा घ्यायला पृष्ठभागावर खुणाच नसतात. परिणामी एका हाताच्या जागी दोन पुसट हात दिसतात.

५. सध्या कोणती साधने वापरता येतात?

आधी आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे.

रंगवलेल्या द्विमितीय चित्रांसाठी टूनक्राफ्टर हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन-मॉडेल खास कार्टूनसाठी घडवलेले आहे. मूळ आवृत्ती ५१२ गुणिले ३२० पिक्सेलच्या १६ फ्रेम देते. मधल्या फ्रेमसाठी एखादे रफ रेखाटन देऊन दिशा दाखवण्याची सोय त्यात आहे आणि ॲनिमेटरच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोलाची बाजू आहे. अलीबाबाच्या वान २.१ या खुल्या मॉडेलची पहिली आणि शेवटची फ्रेम घेणारी आवृत्ती २०२५ मध्ये आली. ती अधिक स्वच्छ चित्र देते, पण ती सर्वसाधारण व्हिडिओसाठी बनलेली असल्यामुळे तिचा कल प्रत्यक्ष चित्रीकरणासारख्या हालचालीकडे असतो.

थ्रीडी पात्रांसाठी पिक्सेल नव्हे, तर सांध्यांची फिरत भरणारी साधने हवीत. थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरपैकी कॅस्केडरमध्ये एआय इनबिटवीनिंगची सोय आहे आणि मायामध्ये मोशनमेकर आहे. त्यांच्या मर्यादा प्रश्न ११ मध्ये दिल्या आहेत.

ज्यांची रेषा व्हेक्टर स्वरूपात आहे, त्यांनी आधी ब्लेंडरच्या ग्रीज पेन्सिलमधील इंटरपोलेशन (दोन रेषांच्या मधल्या रेषा गणिताने भरणे) वापरून पाहावे. त्यात एआय नाही, पण लहान अंतरासाठी ते पुरेसे असते आणि रेषा रेषाच राहते.

६. दोन पोजमध्ये किती अंतर असावे?

चित्रांची संख्या मोजून याचे उत्तर मिळत नाही. शरीराचा एखादा भाग दोन पोजच्या मध्ये झाकला जाऊन पुन्हा दिसत असेल, पात्र पाठमोरे होत असेल किंवा हालचालीची दिशा बदलत असेल, तर त्या ठिकाणी आपले चित्र हवेच. या तिन्ही गोष्टी नसतील तर अंतर बरेच मोठे असले तरी चालते. उडी मारताना खाली वाकणे, जमीन सोडणे, सर्वांत उंच जागा, पाय टेकणे आणि भार पेलणे ही पाच चित्रे आपण काढावीत. केवळ पहिले आणि शेवटचे देऊन उडी मागितली, तर पात्र बहुधा घरंगळत पुढे सरकते.

७. चित्रे चांगली निघतात, पण सगळे पाण्याखाली तरंगल्यासारखे दिसते. असे का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. हालचालीला वजन येते ते चित्रांमधील अंतरामुळे, ज्याला स्पेसिंग म्हणतात. जड वस्तू उचलताना सुरुवातीची चित्रे एकमेकांना खेटून असतात, मग अंतर वाढते आणि शेवटी पुन्हा कमी होते. ॲनिमेटर की ड्रॉइंगच्या कडेला टायमिंग चार्ट, म्हणजे मधली चित्रे कोठे दाट आणि कोठे विरळ येणार हे दाखवणाऱ्या खुणा, काढतो, तो यासाठीच. मॉडेलला तो चार्ट दिसत नाही. तो कागदावर ठेवलात तरी त्यातील खुणांचा अर्थ त्याला कळत नाही. परिणामी ते अंतर साधारण सारखे वाटून टाकते, आणि सारखे अंतर म्हणजे वजनरहित हालचाल.

उपाय असा की मॉडेलकडून गरजेपेक्षा जास्त चित्रे घ्यायची आणि त्यांतून चार्टप्रमाणे निवडायची. समजा, २४ फ्रेम प्रतिसेकंद या वेगात अर्ध्या सेकंदाची हालचाल टूजवर, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवून, करायची आहे. की पोज फ्रेम १ आणि १३ वर आहेत, म्हणजे मध्ये पाच चित्रे हवीत. मॉडेलने दोन्ही टोके धरून १६ दिली. त्यांतून समान अंतराने निवडू नका. सावकाश सुटून सावकाश थांबायचे असेल, तर २, ४, ८, १३ आणि १५ ही चित्रे घेऊन पाहा. टोकांजवळ ती दाट आहेत आणि मध्ये विरळ. मात्र मॉडेलची स्वतःची गतीही एकसारखी असेलच असे नाही, म्हणून क्रमांकावर विसंबू नये. ओनियन स्किन (आजूबाजूची चित्रे पुसट दाखवणारी सोय) लावून मनगट किंवा नाक प्रत्यक्ष कोठे आहे ते पाहावे आणि त्या जागेवरून निवड करावी.

निवडलेली चित्रे एक्सपोजर शीटवर (कोणते चित्र कोणत्या फ्रेमवर येते त्या तक्त्यावर) नेहमीसारखी लिहून काढावीत. शीट लिहिताना आपण पुन्हा ॲनिमेटरसारखा विचार करू लागतो, असा माझा अनुभव आहे.

८. मॉडेलचा फ्रेम रेट आणि माझ्या प्रकल्पाचा फ्रेम रेट जुळत नाही. काय करावे?

वान २.१ नेहमीच्या मांडणीत १६ फ्रेम प्रतिसेकंद वेगाने ८१ फ्रेम देते, म्हणजे सुमारे पाच सेकंद. चित्रपटाचे काम २४ वर चालते आणि आपल्याकडील टीव्हीचे २५ वर. त्या फाइलला सॉफ्टवेअरकडून २४ वर बदलून घेतले, तर काही फ्रेम दुहेरी होतात किंवा एकमेकींत मिसळतात आणि हालचाल अडखळते. फाइल थेट फ्रेमच्या चित्रमालिकेत काढून घ्यावी, तिचा मूळ वेग विसरून जावा आणि प्रश्न ७ मधील पद्धतीने चित्रे निवडावीत.

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. हालचाल अर्ध्या सेकंदाची आणि मॉडेलपुढे पाच सेकंद मोकळे असतील, तर ती जागा भरण्यासाठी पात्र मध्येच मान हलवते, केस सावरते, असे न सांगितलेले काहीतरी करते. फ्रेमची संख्या कमी करून मागता येते, पण फारच कमी केल्यास काही मॉडेलांची गुणवत्ता घसरते. अशा वेळी दोन सलग अंतरे एकत्र न देता एकेक अंतर वेगळे द्यावे.

९. एका हाताआड दुसरा हात गेला की बोटे बिघडतात. त्यावर उपाय आहे का?

पूर्ण उपाय नाही. झाकलेला भाग पुन्हा कसा उघडा पडतो, याचा अंदाज मॉडेलला दोन टोकांच्या चित्रांवरून बांधावा लागतो, आणि दोन्हीकडे दहा बोटे दिसत नसतील तर तो अंदाज चुकणारच.

लेझीम खेळणाऱ्या पात्रात ही अडचण टोकाला जाते. दोन्ही मुठी, मधला दांडा, साखळी आणि चकत्या सतत एकमेकांआड जातात आणि प्रत्येक ठोक्याला साखळी ताणते व सैल पडते. असे दृश्य थरांत तोडावे. शरीर आणि हात वेगळ्या थरावर ठेवून मॉडेलला द्यावेत, लेझीम मात्र हाताने किंवा रिगने (हलवता येणाऱ्या सांगाड्याने) स्वतंत्र करावी आणि मुठीच्या जागेला बांधावी. मुठी मिटलेल्याच राहणार असतील, तर त्यांचे चित्र एकदाच काढून प्रत्येक फ्रेमवर बसवणे हे बोटे दुरुस्त करत बसण्यापेक्षा कितीतरी कमी कष्टाचे ठरते.

१०. नऊवारी, फेटा, नथ यांचे मधल्या फ्रेममध्ये भलतेच काहीतरी होते. मॉडेलला आपला पेहराव कळत नाही का?

ज्या प्रकारची चित्रे प्रशिक्षणात विरळ असतात, त्यांत मॉडेल ओळखीच्या गोष्टींकडे वळते. काष्ट्याचा घेर चालताना घोळदार पायजम्यासारखा होणे किंवा फेट्याचा तुरा केसांत मिसळणे हे त्यातूनच घडते. सूचनेत लांबलचक वर्णन लिहून फारसा फरक पडत नाही, चित्राने पडतो. काष्टा मागून, बाजूने आणि पाऊल उचललेले असताना कसा दिसतो, ती ब्रेकडाउन चित्रे स्वतः काढून द्यावीत. नथ, मंगळसूत्र, बिल्ला असे छोटे दागिने मॉडेलला द्यायच्या चित्रांतून काढून टाकावेत आणि नंतर ट्रॅक करून वरून बसवावेत. काठाच्या नक्षीलाही हेच लागू आहे. ती नक्षी फ्रेमगणिक बदलत राहते आणि प्रेक्षकाचे लक्ष तेथेच जाते.

११. थ्रीडीमध्ये पाय जमिनीवर घसरतात आणि पात्र ‘खऱ्या माणसासारखे’ हलते. मला कार्टून हवे आहे.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी प्रशिक्षणाचे साहित्य येते. अशी मॉडेले मुख्यतः मोशन कॅप्चरवर, म्हणजे खऱ्या माणसांच्या नोंदवलेल्या हालचालींवर, शिकतात. यूबीसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या इनबिटवीनिंगच्या कामासोबत प्रसिद्ध केलेला लाफान१ हा संग्रह पाच कलाकारांच्या सुमारे साडेचार तासांच्या हालचालींचा आहे. त्यात खरी माणसे चालतात, पळतात, पडतात. तीन डोक्यांएवढ्या उंचीचे, मोठ्या डोक्याचे पात्र त्यात नाही, आणि एका फ्रेममध्ये पोज बदलून थबकणारी कार्टूनची झडपही त्यात नाही.

पाय घसरतात, कारण मॉडेल सगळ्या सांध्यांची चूक एकत्र कमी करू पाहते, आणि तळपायाची दोन सेंटिमीटरची चूक त्या बेरजेत क्षुल्लक असली तरी डोळ्याला लगेच खुपते. पाय टेकलेल्या फ्रेम आधी ठरवाव्यात, तेवढ्या काळात आयके (पावलाची जागा धरून वरचे सांधे आपोआप वळवणारी सोय) लावून पाऊल जागेवर बांधावे आणि मगच कंबरेची उंची दुरुस्त करावी. क्रम उलटा केला, तर गुडघा एकाएकी ताठ होऊन झटका देतो.

कार्टूनपणासाठी मॉडेलचा निकाल पहिला कच्चा थर समजावा. मुख्य पोजजवळच्या की ठेवून मधल्या निम्म्याहून अधिक काढून टाकाव्यात, म्हणजे पुन्हा आपल्या मनासारखे टायमिंग लावायला जागा होते.

१२. मराठी संवादाचे ओठ एआयकडून भरून घेता येतील का?

दोन तोंडांच्या आकारांमध्ये मॉडेलकडून सरमिसळ करून घेऊ नये. प, फ, ब, भ, म या वर्णांना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि ते दोन फ्रेम तरी मिटलेले दिसले पाहिजेत. मॉडेल मागच्या-पुढच्या उघड्या तोंडांमध्ये सरासरी काढते आणि ‘आमचा’मधील म अर्धवट उघडा राहतो. असे दोन-तीन शब्द झाले, की आवाज पात्राचा वाटत नाही. उलट ळ, ट, ड, ण यांची जिभेची हालचाल बाहेरून जवळपास दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे आकार काढण्याचा आटापिटा नको. तोंड स्वतंत्र थरावर ठेवून ठरलेल्या आकारांनीच करावे. हनुवटी, गाल आणि भुवया यांच्या हालचालीसाठी मॉडेल वापरायला हरकत नाही.

१३. रफ चित्रे द्यावीत की क्लीनअप केलेली?

रंगवलेले अंतिम चित्र हवे असेल तर क्लीनअप आणि सपाट रंग केलेली द्यावीत, कारण रफमधील दुहेरी रेषांना मॉडेल सुरकुत्या समजते. पण हालचाल केवळ तपासायची असेल, तर रफ देऊन निघालेल्या फ्रेम पेन्सिल टेस्टसारख्या पाहाव्यात आणि त्यावर नव्याने रेषा काढावी. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण रेषा आपली राहते. जेथे वेळ आहे तेथे मी तोच सुचवतो.

१४. ग्राहकाची पात्रे ऑनलाइन सेवेत टाकली तर चालतात का?

लेखी परवानगीशिवाय टाकू नयेत. आउटसोर्सिंगच्या करारांत गोपनीयतेचे कलम असते आणि प्रसिद्ध न झालेले पात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवणे हा त्याचा भंग ठरू शकतो, मग ती सेवा काहीही आश्वासन देवो. आपल्या संगणकावर चालणारे खुले मॉडेल वापरतानाही ‘एआयचा वापर करू नये’ असे कलम आहे का, ते पाहावे. नसले तरी आधी सांगून टाकावे.

१५. असे केलेल्या कामाचा कॉपीराइट कोणाचा?

आपण काढलेली की ड्रॉइंग आणि ब्रेकडाउन निर्विवादपणे मानवी निर्मिती आहेत. मधल्या चित्रांबद्दल देशागणिक भूमिका वेगळी आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम २(ड)(सहा) संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असे म्हणते. हे कलम आजची मॉडेले येण्यापूर्वीचे आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात केवळ सूचना लिहून मिळालेल्या चित्राला संरक्षण नाकारले आहे, पण माणसाची स्वतःची कलाकृती त्या निकालात ओळखू येत असेल, तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळू शकते, असेही म्हटले आहे. म्हणून मूळ की ड्रॉइंग, टायमिंग चार्ट, एक्सपोजर शीट आणि दुरुस्त्यांच्या फाइली तारखांसह जपून ठेवाव्यात. मोठ्या व्यवहारात वकिलाचा सल्ला घ्यावा.

१६. मग विद्यार्थ्याने हाताने इनबिटवीनिंग शिकावे का? ती नोकरी तरी उरणार आहे का?

शिकावे, आणि मन लावून शिकावे. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचे कार्टून फिल्म युनिट सुरू झाले, तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथील कलाकारांना शिकवले, आणि त्यांत पुढे नामवंत ॲनिमेटर झालेले राम मोहन होते. आपल्याकडील ॲनिमेशनची ही परंपरा शेजारी बसून, कागद फ्लिप करत शिकण्याची आहे. दुसऱ्याच्या की ड्रॉइंगच्या मधली चित्रे काढताना हातात कंस, वजन आणि आकारमान मुरते. मॉडेलची सोळा चित्रे समोर आल्यावर चौथे घ्यावे की पाचवे, हे ज्याने ते मुरवले आहे त्यालाच कळते.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. केवळ मधली सोपी चित्रे भरण्याचे, चित्रामागे पैसे मिळणारे काम कमी होण्याची शक्यता खरी आहे, आणि नवोदितांना धंद्यात शिरायची वाट तीच होती, म्हणून ही चिंतेची बाब आहे. स्टुडिओंनी मॉडेलचे निकाल तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम नवोदितांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली द्यावे. विद्यार्थ्यांनी आपल्या पोर्टफोलिओत नुसता अंतिम व्हिडिओ न ठेवता आपली की ड्रॉइंग, ब्रेकडाउन आणि शीट ठेवावीत.

१७. स्मिअर आणि होल्ड यांचे काय करावे?

स्मिअरचे चित्र मुद्दाम ओढून विकृत केलेले असते आणि ते एक-दोन फ्रेमच दिसते. ते टोकाचे चित्र म्हणून मॉडेलला दिले, तर मॉडेल ती विकृती आजूबाजूच्या फ्रेममध्ये पसरवते. म्हणून स्मिअर नंतर हाताने घालावा. होल्डमध्ये पात्र थांबलेले असते, तेथे मॉडेल वापरण्याचे कारणच नाही. श्वासापुरती हालचाल असलेला मूव्हिंग होल्ड हवा असेल, तर तो दोन जवळच्या चित्रांवर साध्या इंटरपोलेशनने करावा. मॉडेलकडून करून घेतल्यास चेहऱ्याच्या रेषा उकळल्यासारख्या थरथरतात.

१८. चालण्याची सायकल करायची आहे. पहिली आणि शेवटची पोज एकच आहे, तर मॉडेल पात्राला हलवतच नाही.

दोन्ही टोके एकच असतील, तर काहीच न हलणे हा मॉडेलच्या दृष्टीने सर्वांत सोपा मार्ग असतो. सायकल दोन अर्ध्यांत तोडावी. उजवा पाय पुढे टेकलेला आहे ती पोज आणि डावा पाय पुढे टेकलेला आहे ती पोज, अशी दोन टोके घेऊन पहिला अर्धा भाग भरावा, मग टोकांची अदलाबदल करून दुसरा. प्रत्येक अर्ध्यात एक पाय दुसऱ्यासमोरून जातो ते पासिंग चित्र आपण काढून द्यावे, नाहीतर प्रश्न ९ मधील अडचण पायांबाबत उभी राहते आणि डावा-उजवा पाय मध्येच बदलतो. हे टाळण्यासाठी पलीकडचा पाय किंचित गडद रंगवून देणेही उपयोगी पडते. मूळ रंग नंतर परत भरता येतो.

सायकल जोडताना शेवटची फ्रेम वगळावी. ती पहिल्या फ्रेमची प्रत असते आणि दोन्ही ठेवल्यास प्रत्येक फेरीत पात्र एका चित्रापुरते थबकते. दोन अर्धे वेगवेगळे भरलेले असल्यामुळे सांध्यावर डोक्याची उंची जुळते का, तेही तपासावे. टाळूच्या बिंदूचा मार्ग सलग काढून पाहिला की उडी कोठे आहे ते लगेच दिसते, आणि बहुतेक वेळा एकच चित्र एक-दोन पिक्सेल वर-खाली करून ती मिटते.